बायच्या मोरीवर पहारा

न गळणारं घर पृथ्वीच्या पाठीवर नाही, असं छातीठोकपणे मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. व्याही राहायला चिंचणीला. सगळी हयात तारापूरच्या एका कारखान्यात पाण्याचे आणि वाफेचे पाइप सांभाळण्यात गेली. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी शाल पांघरली, नारळ हातात दिला, चार शब्द बोलायला सांगितलं. ह्यांनी नारळ काखेत धरून मागच्या भिंतीवरचा पाइप चाचपला आणि "साहेब, ह्याला घाम सुटलाय, उद्या कोणाला तरी बघायला सांगा" एवढं भाषण करून खाली बसले. त्यांच्या पिशवीत हातभर लांबीचा एक स्क्रू-ड्रायव्हर कायम असतो. त्याचं टोक पाइपला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची समाधी. कारखान्यात यंत्रांची दुखणी अशीच ऐकतात म्हणे. घरात कुठे थेंब पडत असेल तर त्यांना तो भिंतीपलीकडून ऐकू येतो. बायको हाक मारते ती मात्र येत नाही, असं व्याहीणबाईंचं म्हणणं आहे.

आमच्या मुलीला बघायला आले तेव्हाची गोष्ट. मी बोईसरच्या शाळेतला साधा मराठीचा मास्तर; मुलीकडची बाजू म्हणून आम्ही सगळे घाबरून बसलेलो. पोह्यांच्या बश्या आल्या, मुलगी आली, आणि मुलाचे वडील गायब. दहा मिनिटांनी ते न्हाणीघरातून बाहेर आले, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत वर दुमडलेले. गंभीर चेहऱ्याने त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, मोडलं लग्न. ते म्हणाले, "मास्तर, मुलगी पसंत हाय. पण तुमच्या फ्लशची टाकी रात्रंदिवस गळते. असं घर बरं नाय." साखरपुड्याच्या आधी त्यांनी ती टाकी दुरुस्त करून दिली. पुढे लग्नात अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला, आणि वरपिता पुन्हा नाहीत. ते हॉलच्या मागे भांडी घासायच्या नळाशी कान लावून उभे होते. अक्षता आम्ही त्यांच्या वाटच्याही टाकल्या.

गळतीच्या खालोखाल त्यांचं हाडवैर उंदरांशी. त्यातही घुशींशी जास्त. पण मारायचं म्हणाल तर नाव नाही. विष घातलं की मेलेला उंदीर नेमका टाकीच्या झाकणाखाली जाऊन मरतो, आणि मांजर पाळलं तर ते दुधाला जागतं, कामाला नाही, हे त्यांचे अनुभवाचे बोल. "उंदराला मारायचं नाय, त्याची वाट बंद करायची," हे त्यांचं शास्त्र. आमच्या वॉशिंग मशीनचा पाइप कुरतडला गेला तेव्हा मी म्हटलं, तहान लागली असेल बिचाऱ्याला. त्यांनी माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. "मास्तर, त्याला पाणी नको असतं. त्याला दात झिजवायचे असतात. नाय झिजवले तर वाढत जातात नि तोंड मिटत नाय." मग दोन दिवस खपून त्यांनी आमच्या घरातला प्रत्येक पाइप तारेच्या जाळीत गुंडाळला आणि भिंतीतल्या प्रत्येक भोकात भांडी घासायच्या तारेच्या घासण्या कोंबून वर सिमेंट लिंपलं. चिंचणीच्या दुकानांतल्या घासण्या ते अशा उचलतात की व्याहीणबाईंना भांड्यांसाठी एक मिळत नाही. नारळाच्या शेंडीवर संसार चाललाय, असं त्या सांगतात.

हे सगळं ज्या घरावर त्यांनी सर्वात जास्त ओतलं ते घर त्यांचं नव्हतं. ते त्यांच्या थोरल्या बहिणीचं, केळव्याजवळच्या माहीमला. तिला ते बाय म्हणत, आणि मग आम्हीही सगळे बायच म्हणू लागलो. बाय ऐंशीच्या घरातली. यजमान जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, नारळी-सुपारीची छोटी वाडी आणि तीत एकटीचं घर. व्याह्यांची आई लवकर गेली होती, त्यांना वाढवलं बायनेच. चिंचणीला चल म्हणून त्यांनी तिच्या मागे लागून पाहिलं, पण तिने घर सोडायचं नाव काढलं नाही. "वाडीला पाणी कोण दाखवील?" हा तिचा एकच सवाल. तेव्हा व्याह्यांनी दुसरी युक्ती काढली. घराच्या सगळ्या खिडक्यांना, झरोक्यांना, मागच्या दाराच्या वरच्या फटीला त्यांनी पोलादी जाळ्या ठोकल्या, म्हणजे घुशीची बिशाद नाही. आणि टाकीतून घरात उतरणाऱ्या पाइपवर एक डबी बसवली. घरात कुठेही नळ उघडला की त्या डबीतून खबर निघे आणि व्याह्यांच्या मोबाइलवर निळी रेघ वर चढे. पाणी थांबलं की रेघ खाली. पाणी वीस मिनिटं सलग चालू राहिलं की मोबाइल बोंब मारी. आणि बोटाने एक खूण दाबली की चिंचणीला बसून माहीमचं पाणी बंद करता येई. बोंबेसाठी त्यांनी आपल्या कारखान्याच्या पाळीचा भोंगा भरून घेतला होता.

त्या दिवसापासून व्याह्यांचा दिनक्रम बायच्या नळाने ठरू लागला. सकाळी त्यांच्याकडे चहा पीत असलो तर मध्येच मोबाइलकडे बघून म्हणत, "बाय उठली." मग, "चूळ भरली." साडेसहाला रेघ ताठ चढून ताठ उतरली की समाधानाने मान डोलावत, "बादली भरली. आंघोळीला बसली." मला तर अवघडल्यासारखं होई. बायला हे कळलं तेव्हा तिने आमच्यासमोर त्यांची खरडपट्टी काढली. "मेल्या, मी मोरीत कवा गेले ते चिंचणीला बसून बघतोस? लाज नाय वाटत?" व्याही खाली मान घालून म्हणाले, "बाय, मी पाणी बघतो, तुला नाय." तिने डबी काढली नाही एवढं खरं.

आता त्या सकाळचं सांगतो. रविवार होता. आमच्या ओट्याखाली ओल आली असं बायको सहज फोनवर बोलून गेली, त्यामुळे सात वाजायच्या आत व्याही चिंचणीहून बोईसरला हजर. ओट्याखाली शिरले होते, फक्त दोन पाय बाहेर. टेबलावरचा मोबाइल एकदम भोंग्यासारखा ओरडला. पाय आत-बाहेर झाले, डोकं कशावर तरी आपटलं, आणि ते बाहेर आले. मोबाइल पाहिला. "बायकडे पाणी चालू हाय. वीस मिनिटं. बारीक धार," म्हणाले. "घूस. मागल्या पाइपला लागली वाटतं." आणि खूण दाबून पाणी बंद करून टाकलं. कारखान्याने त्यांना एकच मंत्र दिला होता: शंका आली की आधी वॉल्व्ह बंद, विचार मागाहून. आधी विचार करत बसलेल्या एकाचे पाय वाफेने भाजलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे वॉल्व्ह बंद केल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येते तशी शांतता आली आणि त्यांनी चहा मागितला.

चहा गाळता गाळता बायको म्हणाली, "अहो, बाईंनीच नळ उघडा ठेवला असेल."

"बाय नळ उघडा ठेवत नाय," व्याही म्हणाले. "विहिरीचं पाणी ओढलेली बाई हाय. जन्मात नाय ठेवणार."

बोलले आणि तिथेच थांबले. मोबाइल पुन्हा हातात घेतला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. साडेसहाची रेघ रोजच्यासारखी ताठ चढली होती. उतरली मात्र नव्हती. अर्ध्याहून खाली येऊन बारीक झाली होती आणि तशीच बारीक सरळ चालत राहिली होती, थेट व्याह्यांनी तोडली तिथपर्यंत.

"बादली भरली," ते हळू आवाजात म्हणाले. "नळ बंद करायला गेली. पुरता बंद नाय झाला."

त्यांनी बायला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बायकोने गॅस बंद केला होता आणि आम्ही तिघं त्या वाजण्याकडे कान लावून उभे होतो. बाय फोन उचलत नाही असं कधी होत नसे. तिला फोनवर भांडायला आवडे. शेजारच्या घरी लावला, तर ते सगळं कुटुंब आदल्या दिवशीच लग्नाला गुजरातेत गेलेलं. वाडीतला गडी नऊच्या आत येत नाही आणि मोबाइल बाळगत नाही. माझ्या पायात चपला होत्या की नाही आठवत नाही, पण मी स्कूटर काढली. व्याही मागे बसले. बायको दारात येऊन म्हणाली, "ते पाणी तरी उघडा आधी."

"पाइप फुटला असेल तर घरभर होईल," व्याही म्हणाले.

"होऊ दे की."

त्यांनी मोबाइल तसाच खिशात टाकला. पाणी उघडलं नाही.

बोईसर ते माहीम एरवी मी तासाभरात गप्पा मारत जातो. त्या दिवशी रस्त्यावर जे जे वाहन होतं ते माझ्या वाईटावर टपलेलं वाटत होतं. पाळी सुटलेल्या बसगाड्या, पिंपं लादलेले टेम्पो. एका ट्रकच्या पुढे काढताना ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं, "चाचा, घर नहीं जाना है क्या?" मी आयुष्यात पहिल्यांदा एका अनोळखी माणसाला शिवी दिली, आणि तीही शुद्ध मराठीत. मागे व्याही स्वतःशीच हिशेब करत होते आणि ते सगळं माझ्या कानात येत होतं. पाइप फुटला असेल तर बंद केलं ते बरं झालं. ती पडली असेल नि नळ तिच्या अंगावर असेल, तरी बंद केलं ते बरंच. "मोरीत थंडी वाजते हो म्हाताऱ्या माणसाला. बरं केलं ना, मास्तर?" हे त्यांनी मला चारदा विचारलं. चौथ्यांदा त्यांचा आवाज असा फाटला की उमरोळीच्या पुढे मी स्कूटर कडेला घेऊन थांबवली.

मी रागावलो होतो. घाबरलो की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे. "व्याही," मी म्हटलं, "तुम्ही पाणी बंद केल्यापासून तुम्हाला तिकडचं काही दिसतंय का? तिने नळाला हात लावला तर तुम्हाला कळेल का? तुमची-तिची तेवढी एकच तर वाट होती, तीच तुम्ही बुजवून बसलात."

ते सीटवरून खाली उतरले. मग मोबाइल काढला. घाईत खूण दाबली जाईना. दाबली गेली तर रेंज नाही. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. मी त्यांचा हात धरून उंच केला, जणू त्याने रेंज येणार होती. शेवटी चक्र थांबलं आणि निळी रेघ उमटली. बारीक, मघासारखीच. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून ती बघत राहिलो. एक मिनिट गेलं. रेघ तशीच सरळ.

"ह्याने काय कळत नाय," व्याही म्हणाले. "नळ उघडा हाय म्हणून वाहतंय. मोरीत कोण जितं असो नसो, ते वाहणारच."

आणि रेघ खाली आली. शून्यावर टेकली. मी विचारलं, तुम्ही बंद केलंत का. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात वर करून दाखवले. आमच्या डोळ्यांसमोर रेघ पुन्हा चढली. जरा वेळ वाहिली. पुन्हा खाली बसली.

"गळती आपणहून थांबत नाय, मास्तर," व्याही म्हणाले. "गळती माणूस थांबवतो." आणि रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, ते लहान पोरासारखे रडले. मलाही रडू आलं, ते लपवायला मी स्कूटरला किक मारत बसलो. ती बटणाने सुरू होते.

पुढचा सगळा रस्ता त्यांनी माझ्या कानात मोठ्याने वाचून काढला. चालू. बंद. चालू. "हाक मारते बघा. तिला ठाऊक हाय मी बघतो ते." पालघर मागे पडलं. मग एका वळणानंतर ते गप्प झाले. मी विचारलं, काय झालं. "बंद हाय," ते म्हणाले. शेवटचे दोन-तीन किलोमीटर रेघ शून्यावरच होती. दमली असेल, मी म्हटलं. त्यांनी माझा खांदा असा धरला होता की पुढे आठवडाभर दुखत होता.

वाडीत शिरलो. पुढच्या दाराला आतून कडी. मागच्या दाराला आतून कडी. खिडक्या सगळ्या उघड्या, आणि प्रत्येक खिडकीवर व्याह्यांच्या हातची पोलादी जाळी, चार-चार बोटांवर स्क्रू. घूस शिरू नये म्हणून त्यांनी केलेला बंदोबस्त इतका चोख होता की त्यातून बहिणीचा सख्खा भाऊ शिरू शकत नव्हता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला, पण मूठ घामाने निसटत होती. मग वाडीतली पहार आणून त्यांनी स्वतःची जाळी स्वतःच्या हाताने उचकटली. हाताला रक्त आलं, ते त्यांना दिसलंही नाही. जाळी सोडवता सोडवता ते मोरीच्या झरोक्याकडे तोंड करून "बाय, बाय" म्हणून ओरडत होते.

आतून आवाज आला, बारीक पण खणखणीत. "ओरडू नको रे. पडलेय, बहिरी नाय झाले."

खुब्याचं हाड मोडलं होतं. पालघरच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, आणि बाय चिंचणीला आली ती कायमची. वाडी गड्याने सांभाळली. पण व्याही त्या दिवसापासून खचले. मोबाइलमध्ये सगळं नोंदलेलं असतं; त्या सकाळी पाणी किती मिनिटं बंद होतं ते त्यांना कळलं, आणि ती मिनिटं ते येईल त्याला सांगू लागले. "बाय पडलेली, नि मी चहा मागितला, मास्तर. तिचा नळ मी तोडला." शेवटी बायने एक दिवस सगळ्यांसमोर त्यांना जवळ बसवलं. "येड्या, पाणी गेलं तेवा तर मला धीर आला. टाकी भरलेली होती. मग पाणी कोण बंद करणार? मी म्हटलं, माझा भाऊ जागा हाय, तो येतोय. परत आलं तसा नळ चालू-बंद केला, तुला कळावं म्हणून." व्याह्यांनी ते ऐकलं आणि त्या रात्री म्हणे महिन्याभराने पोटभर जेवले.

पाइपांच्या माहितीपत्रकांपलीकडे व्याही काही वाचत नाहीत, त्या भरवशावर पुढचं लिहितो. एका दुपारी बाय आणि मी ओटीवर दोघंच होतो. तिच्या हुशारीचं मी कौतुक केलं. ती सुपारी कातरत होती, कातरायची थांबली. "कसली हुशारी, मास्तर. पाणी गेलं तेवा मला वाटलं, टाकी संपली नि आपण पण संपलो. डोळे मिटून घेतले. परत आलं ते पायावर आलं, थंडगार. म्हणून नळ बंद केला. मग घसा सुकला, म्हणून उघडला. ओंजळभर प्याले, परत बंद केला. त्याची आठवण पण नाय झाली मला. मेला त्याचा मोबाइल कोणाच्या ध्यानात राहतो." पुन्हा सुपारी कातरत म्हणाली, "त्याला नका सांगू. त्याला वाटू दे, मी त्यालाच हाक मारत होते."

बाय गेली त्याला आता वर्ष होईल. झोपेतच गेली, चिंचणीला, भावाच्या घरात. तेराव्याची माणसं पांगल्यावर व्याही माझ्याशेजारी येऊन बसले. खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग विचारलं, "मास्तर, त्या दिवशी ती मलाच हाक मारत होती ना? का मला बरं वाटावं म्हणून म्हणाली?"

मी तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून मी म्हटलं, "तुम्हालाच हाक मारत होत्या. मी स्वतः ऐकलंय त्यांच्या तोंडून."

त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसायला उपरण्याचं टोक शोधू लागले.